उन्हाळी की उन्हाळ? ड्रॉपडाउनमागच्या अटी पुन्हा पुन्हा का बिघडतात

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी गटासाठी मी ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म बनवला. आधी तालुका, मग गाव. मग पीक, पिकावरून वाण किंवा प्रकार, आणि त्यावरून पुढचे प्रश्न. कांदा निवडला की लाल, रांगडा की उन्हाळ हे विचारायचं, आणि उन्हाळ असेल तरच कांदाचाळीची, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडची, क्षमता विचारायची. लाल कांदा टिकत नाही, काढला की बाजार गाठावा लागतो. चाळीत राहतो तो उन्हाळ. त्यामुळे अट शेतीच्या हिशोबाने अगदी बरोबर होती.

तरी तीन महिन्यांत तीनदा गटाच्या ऑफिसातून फोन आला. तिसऱ्यांदा नोंदी भरणाऱ्या ताई म्हणाल्या, "सर, चाळीचा प्रश्न परत गेला. मागच्या वेळी नीट झालं होतं ना?"

झालं होतं. आधीच्या दोन्ही वेळा मी अट उघडली, तुलनेतला शब्द बदलला, चालवून पाहिलं आणि फोन ठेवला. तिसऱ्या वेळी मात्र गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत सगळा फॉर्म पहिल्यापासून तपासायला बसलो. त्यात जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण अवलंबून असलेले ड्रॉपडाउन (वरच्या निवडीवरून खालची यादी बदलते असे) जिथे जिथे आहेत तिथे हेच दोष थोड्याफार फरकाने भेटतात.

अटीला हात लावण्याआधी व्हॅल्यू बघा

ड्रॉपडाउनमध्ये माणसाला दिसतं ते लेबल. कोडच्या हाती येते ती व्हॅल्यू. एचटीएमएलमध्ये ऑप्शनला व्हॅल्यू वेगळी दिली नसेल, तर लेबलचा मजकूरच व्हॅल्यू म्हणून जातो. माझ्या फॉर्ममध्ये हेच होतं. यादी गटाच्या एका शीटमधून यायची, तिच्यातला शब्द तोच लेबल आणि तीच व्हॅल्यू. मी शीटमध्ये "उन्हाळी" लिहिलं होतं आणि अटीतही "उन्हाळी". ऑफिसातल्या कुणीतरी ते "उन्हाळ" केलं, आणि ती दुरुस्ती योग्यच होती. लासलगावकडे बोलताना बहुतेक उन्हाळ कांदाच म्हणतात. शब्द सुधारला आणि अट मेली. पडद्यावर त्रुटीचा संदेश नाही, कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर त्रुटी छापतो त्या खिडकीत, लाल ओळ नाही. प्रश्न दिसेनासा झाला, एवढंच.

म्हणून तपासाची पहिली पायरी ही: ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कन्सोल उघडा आणि निवड बदलल्याबरोबर तीन गोष्टी छापा. व्हॅल्यू, तिचा प्रकार आणि तिची लांबी. व्हॅल्यू अवतरणचिन्हांत छापा, म्हणजे शेवटी चिकटलेली मोकळी जागा दिसेल. माझ्या पहिल्या बिघाडात तीच होती, "उन्हाळी" नंतर एक स्पेस. व्हॅल्यू गुणधर्म लिहिलेलाच नसेल तेव्हा ब्राउझर मजकुराच्या आजूबाजूची जागा स्वतः काढतो, पण लिहिलेला असेल तर आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. मी मधल्या काळात व्हॅल्यू गुणधर्म भरायला सुरुवात केली होती, तीही शीटमधूनच. त्यामुळे आधी चालणारी स्पेस नंतर नडली.

प्रकार छापायचा तो आकड्यांसाठी. ड्रॉपडाउनची व्हॅल्यू कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते. जमीन ३ एकर आहे का असं जावास्क्रिप्टच्या तीन बरोबरच्या चिन्हांनी तपासलं, तर स्ट्रिंगमधला ३ आणि संख्येतला ३ कधीच जुळत नाहीत. त्यातून व्हॅल्यू देवनागरी अंकांत असेल तर आणखी वेगळं: जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन "१२" ला संख्या मानतच नाही, नॅन (म्हणजे 'संख्या नाही') देतं. लेबलमध्ये देवनागरी अंक खुशाल ठेवा, व्हॅल्यूत ठेवू नका.

मराठी मजकूर दिसतो सारखा, असतो वेगळा

तपासताना सापडलेल्या आणखी एका बिघाडाने माझी एक अख्खी संध्याकाळ घेतली, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं. पिकांच्या यादीत "ॲपल बोर" होतं. अटीतही "ॲपल बोर". डोळ्यांना दोन्ही सारखे, पण अट खोटी ठरत होती. लांबी छापली तेव्हा "ॲपल" एका ठिकाणी ३ निघाला आणि दुसऱ्या ठिकाणी ५.

कारण असं: "ॲ" हे युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या संगणकीय अक्षरसूचीत) एक स्वतंत्र अक्षर आहे. पण जुने कीबोर्ड आणि जुने फॉन्ट वापरणारे लोक ते "अ", मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग वरचा अर्धचंद्र, असं तीन तुकड्यांत लिहितात. काहींच्या लिखाणात मधलं जोडचिन्ह नसतं, तेव्हा लांबी ४ येते. एकच शब्द, तीन रूपं. संगणकाच्या तुलनेत तिन्ही वेगळी.

"शेजाऱ्याच्या विहिरीवरून" या पर्यायातही तेच. पाण्याचा स्रोत विचारताना हा पर्याय लागतोच. त्यातला "ऱ्य" दोन प्रकारे टाइप होतो: एक तर नुक्त्याचा "ऱ" आणि हलन्त, नाहीतर साधा "र", हलन्त आणि तेच अदृश्य जोडचिन्ह. नुक्त्याचा "ऱ" स्वतः पुन्हा दोन रूपांत असू शकतो, एकसंध किंवा "र" अधिक खालचा बिंदू. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइज फंक्शन या शेवटच्या दोन रूपांना एक करतं. पण जोडचिन्हाचं रूप ते तसंच सोडतं, आणि "ॲ" च्या तुकड्यांनाही जोडत नाही. ट्रिम केलं तरी अदृश्य जोडचिन्ह जात नाही, कारण ट्रिम फक्त मोकळ्या जागा काढतं आणि हे चिन्ह मोकळी जागा धरलं जात नाही.

यावर काही जण सगळी अदृश्य चिन्हं खरडून काढणारं फंक्शन लिहितात. मीही लिहिलं होतं. माझं आता ठाम मत आहे की ते चुकीच्या जागी केलेलं काम आहे. मराठीत जोडचिन्हाला खरा अर्थ असतो, ते काढलं की शब्दाचं रूप बदलू शकतं. आणि खरं दुखणं हे की आपण माणसासाठी लिहिलेल्या मजकुरावर यंत्राची अट टांगली. माणसाला दाखवायचं ते मराठीत, आणि शुद्ध मराठीतच असलं पाहिजे. फॉर्म भरणारा शेतकरी मराठी वाचतो, त्याच्यासाठी लेबल इंग्रजी करणं हा उपाय नव्हे. व्हॅल्यूला मात्र एक छोटा, कधीही न बदलणारा कोड द्या. मी कांद्याच्या प्रकारांना क-१, क-२, क-३ या धर्तीचे कोड दिले, प्रत्यक्षात इंग्रजी अंकांत. आता शीटमध्ये कुणी "उन्हाळ" चं "उन्हाळ (गावठी)" केलं तरी क-३ हा क-३ च राहतो.

कोड देताना एक्सेलकडे लक्ष असू द्या. शून्याने सुरू होणारा कोड एक्सेलमध्ये टाइप केला की पुढचं शून्य उडतं. म्हणूनच मी आधी अक्षर ठेवतो.

तालुका आणि गाव

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत, आणि नावांच्या बाबतीत निम्म्यांशी सावध राहावं लागतं. तालुका बागलाण, त्याचं मुख्य ठिकाण सटाणा. लोक दोन्ही नावं तालुक्यासाठी वापरतात. तालुका त्र्यंबकेश्वर, गाव त्र्यंबक. पेठ तालुक्याचं इंग्रजी सरकारी याद्यांमधलं स्पेलिंग "पेइंट" असं वाचलं जातं. येवला आणि येवले दोन्ही चालतं. माझ्या फॉर्ममध्ये तालुक्यांची यादी एका ठिकाणाहून आली होती आणि गावांची दुसऱ्या. पहिलीत "सटाणा", दुसरीत "बागलाण". सटाणा निवडलं की गावांची यादी रिकामी. उरलेल्या तालुक्यांचं सुरळीत चालायचं, त्यामुळे फोनवर कळायचं ते एवढंच: "कधी कधी गावं येत नाहीत."

"कधी कधी" ऐकलं की आता मी एकच विचारतो, "कोणता तालुका निवडला होता, सांगाल का?" पाच-सहा वेळचे तपशील जमले की नमुना दिसतो. आमच्या बाबतीत प्रत्येक वेळी सटाणाच होतं.

गावं नावाने ओळखणंही धोक्याचं. पिंपळगाव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निफाडमधलं पिंपळगाव बसवंत येतं, पण नाशिकजवळ पिंपळगाव बहुला आहे. वडनेर भैरव चांदवडमध्ये, वडनेर दुमाला नाशिक तालुक्यात. बोलताना माणूस नुसतं वडनेर म्हणतो. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे, तोच व्हॅल्यू म्हणून घ्या. स्वतःचे कोड बनवत बसू नका.

आता सगळ्यात घातक दोष. शेतकऱ्याने आधी चुकून दिंडोरी निवडलं, गाव मोहाडी निवडलं, मग लक्षात आल्यावर तालुका बदलून निफाड केला. बऱ्याच फॉर्ममध्ये इथे गावाची जुनी व्हॅल्यू तशीच राहते, आणि नोंद जाते ती निफाड तालुक्यातल्या मोहाडीची. वरचा ड्रॉपडाउन बदलला की खालचे सगळे रिकामे झाले पाहिजेत, फक्त लगेच खालचा नव्हे, साखळीतला प्रत्येक.

पण रिकामे करतानाही एक खड्डा आहे. जुने ऑप्शन काढून नवे घातले की एकच पर्याय निवडता येणाऱ्या साध्या ड्रॉपडाउनमध्ये ब्राउझर पहिला पर्याय आपणहून निवडलेला ठेवतो. चेंज इव्हेंट (निवड बदलल्याची ब्राउझरची सूचना) येत नाही, कुणाला काही कळत नाही. यादीत सर्वात वर "गाव निवडा" असा रिकाम्या व्हॅल्यूचा ऑप्शन नसेल, तर घाईत पुढे जाणाऱ्या प्रत्येकाचं गाव त्या तालुक्यातलं वर्णक्रमाने पहिलं गाव होऊन बसतं. आमच्या नोंदींत एकाच गावचे संशय यावा इतके शेतकरी दिसले, ते यामुळे. ताईंनी त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावले. त्यांचे ते दोन दिवस मी वाचवू शकलो असतो, हे मला अजून बोचतं. "गाव निवडा" हा ऑप्शन आणि त्या ड्रॉपडाउनवर रिक्वायर्ड (भरलंच पाहिजे अशी खूण), या दोन्ही गोष्टी एकत्रच ठेवा.

सुरगाण्यातून भरलेला फॉर्म

गावांची यादी सर्व्हरवरून येत असेल तर मंद नेटवर्कवर आणखी एक प्रकार होतो. सुरगाणा, पेठ हा डोंगराळ पट्टा, रेंज जाते-येते. कुणी आधी पेठ निवडतो, लगेच बदलून सुरगाणा करतो. दोन मागण्या गेल्या. सुरगाण्याचं उत्तर आधी आलं, पेठचं मागून. मागून आलेल्याने आधीची यादी पुसली. वर सुरगाणा, खाली पेठची गावं.

शहरात वायफायवर बसून हे कधीच दिसत नाही. क्रोमच्या नेटवर्क पॅनलमध्ये थ्रॉटलिंग लावून, म्हणजे वेग मुद्दाम कमी करून, थ्री-जीच्या वेगावर तालुका भराभर बदलून बघा. उपाय सोपा आहे: उत्तर आलं की ते ज्या तालुक्यासाठी मागवलं होतं तोच तालुका अजून निवडलेला आहे का ते तपासा, नसेल तर ते टाकून द्या. जुनी मागणी अबॉर्ट कंट्रोलरने रद्दही करता येते. आणि उत्तर येईपर्यंत गावाचा ड्रॉपडाउन डिसेबल (बंद) ठेवून "गावं येत आहेत" असं लिहा.

माझ्या फॉर्मसाठी मी शेवटी वेगळंच केलं. तालुके १५, गावांची नावं आणि कोड मिळून फाइल मोठी होत नाही. सगळी यादी पानासोबतच एकदा पाठवली आणि मधली मागणीच काढून टाकली.

जुनी नोंद उघडली की गाव कोरं

नोंद दुरुस्त करायला उघडली की तालुका भरलेला, गाव कोरं, आणि चाळीचा प्रश्न गायब. इथे दोन कारणं एकमेकांत मिसळतात. कोडने ड्रॉपडाउनची व्हॅल्यू बदलली तर चेंज इव्हेंट उठत नाही. तो माणसाने बदल केला तरच येतो. म्हणून तालुका भरला तरी गावांची यादी भरणारा कोड जागाच होत नाही. आणि यादीत नसलेली व्हॅल्यू ड्रॉपडाउनला दिली तर तो काहीच निवडत नाही, व्हॅल्यू रिकामी होते. म्हणजे क्रम चुकवून चालत नाही: तालुका, मग यादी, मग गाव.

रीसेट बटणाचंही असंच. फॉर्म रीसेट झाला तरी प्रत्येक ड्रॉपडाउनचा चेंज येत नाही, आणि फॉर्मचा रीसेट इव्हेंट येतो तेव्हा जुन्या व्हॅल्यू अजून पुसल्या गेलेल्या नसतात. अटी पुन्हा चालवायच्या तर शून्य मिलिसेकंदांचा टाइमआउट लावून, पुसणं झाल्यावर चालवा. ब्राउझरच्या मागे जाण्याच्या बटणाने पान परत आलं तर पेजशो इव्हेंटवर (पान पुन्हा दिसू लागल्याच्या सूचनेवर) चालवा.

"नसेल तर" असलेल्या अटी

"पीक कांदा नसेल तर छाटणीची तारीख विचार" अशी अट एका जुन्या फॉर्ममध्ये होती. पान उघडलं तेव्हा पीक निवडलेलंच नव्हतं. रिकामी व्हॅल्यू कांदा नाही, म्हणून छाटणीचा प्रश्न पहिल्या क्षणापासून हजर. टोमॅटोवाल्यालाही तो दिसायचा, आणि टोमॅटोला कसली छाटणीची तारीख? अट होकारार्थी लिहा: पीक द्राक्ष असेल तर. नकारार्थी लिहावीच लागली तर "आणि पीक निवडलेलं असेल" हे जोडा.

"आणि" व "किंवा" एकत्र आले की कंस हवेतच. द्राक्ष किंवा डाळिंब असेल, आणि माल निर्यातीचा असेल, तर बागेचा नोंदणी क्रमांक विचारायचा होता. कंसाशिवाय जावास्क्रिप्ट "आणि" आधी सोडवतं. मग अर्थ होतो: द्राक्ष असेल तर नेहमी, डाळिंब असेल तर निर्यात असतानाच. त्यामुळे पिंपळगावच्या बाजारात द्राक्ष विकणाऱ्यालाही निर्यातीचा क्रमांक मागितला जात होता, आणि तो नसल्यामुळे त्याचा फॉर्म अडायचा.

सबमिट दाबलं, काहीच झालं नाही

लपवलेला प्रश्न रिक्वायर्ड राहिला की असं होतं. ब्राउझर त्यावर अडतो, पण लपलेल्या रकान्यावर कर्सर नेता येत नाही, म्हणून संदेशही दाखवता येत नाही. कन्सोलमध्ये मात्र रकाना फोकस करता येत नाही अशी ओळ येते. प्रश्न लपवताना तो डिसेबलही करा. डिसेबल रकाना तपासला जात नाही आणि पाठवलाही जात नाही. नुसता सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने, लपवलेला रकाना आतली जुनी व्हॅल्यू घेऊन सर्व्हरवर जातोच, आणि मग द्राक्षवाल्याच्या नोंदीत कांदाचाळीची क्षमता दिसते.

ड्रॉपडाउनमधले नको असलेले ऑप्शन सीएसएसने लपवू नका. आयफोनवर ते यादीत दिसत राहण्याचा अनुभव आला आहे. काढून टाका.

गूगल फॉर्मवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे उत्तरावरून सेक्शन बदलतो. कांद्याचा सेक्शन संपल्यावर कुठे जायचं ते त्या सेक्शनच्या तळाशी ठरवलं नसेल, तर माणूस सरळ पुढच्या द्राक्षाच्या सेक्शनमध्ये जातो. प्रत्येक सेक्शनचा तळ बघा.

मी शेवटी काय बदललं

पूर्वी प्रत्येक ड्रॉपडाउनच्या चेंजवर वेगळा कोड होता: हा दाखव, तो लपव. अठरा ठिकाणी दाखव-लपव विखुरलेलं. एका रस्त्याने आलं तर बरोबर, दुसऱ्याने आलं तर चूक. ते सगळं काढून एकच फंक्शन लिहिलं. ते फॉर्ममधल्या सगळ्या सध्याच्या व्हॅल्यू वाचतं, आणि प्रत्येक प्रश्नासाठी नव्याने ठरवतं: दिसायचा का, चालू का, आवश्यक का. आधी काय दिसत होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पान उघडताना, प्रत्येक बदलावर, रीसेटनंतर, जुनी नोंद भरल्यावर, मागे येताना, सगळीकडे तेच एक फंक्शन चालतं. त्याच अटी सर्व्हरवरही तपासतो, कारण ब्राउझरमधून आलेल्या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

अनोळखी व्हॅल्यू आली तर ते फंक्शन आता गप्प बसत नाही. अटींच्या यादीत नसलेला कोड दिसला की कन्सोलमध्ये इशारा छापतं आणि ऑफिसच्या पानावर वर एक पिवळी पट्टी येते: "कांद्याच्या यादीत क-४ नवीन आहे, त्याचे पुढचे प्रश्न ठरवलेले नाहीत."

मागच्या आठवड्यात ती पट्टी पहिल्यांदा आली. ताईंचा फोन आला, "सर, आम्ही पांढरा कांदा यादीत घातलाय. त्याला चाळीचं विचारायचं का?"